जगूकाकांचं विलायती मंडळ

"कणगीत ऱ्हवली गो! कणगीत! भाताच्या कणगीत!"

वेशीवरच्या दगडाला पोट टेकवून जगूकाका बोटवाले रिकाम्या गावाकडे तोंड करून बोंबलत होते. गावात ऐकायला माणूस नव्हतं. माणूस सोडाच, कोंबडी नव्हती, मांजर नव्हतं, गोठ्यात शेपटी हलवायला रेडकू नव्हतं. आचऱ्याच्या बाजूच्या आमच्या गावांत दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन गावपळण होते. अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर पडतो, माळावर झावळ्यांच्या खोपी बांधून तीन दिवस राहतो, आणि पुन्हा कौल मिळाला की घरी परततो. तेवढ्या काळात गावात कुणी पाऊल टाकायचं नाही. गाव तेव्हा देवाचं. म्हणजे काकांची बोंब थेट देवालाच जात होती, आणि माझी खात्री आहे की देवानेही कानांवर हात ठेवले असतील. कारण जगूकाकांचा आवाज सुटला की मालवणच्या बंदरात होड्या नांगर ओढू लागत.

"माझो पाटो-वरवंटो थंयच ऱ्हवलो," सुमनकाकी मागून म्हणाल्या, "तेवा असे बोंबललास नाय तुमी. कालपासून वाटाप नाय, सगळो माळ फिक्या आमटीर आसा."

"पाटो काय गाता?"

"तुमची ती रेकाड तरी खंय गाता? भुकता!"

काकींचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण कणगीत राहिलेली ती विलायती तबकडी त्या संध्याकाळी माळावर वाजली नसती, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पंचक्रोशीतला सगळ्यात गोड गळा एसटीत बसून कायमचा मुंबईला जाणार होता. हे कसं, ते सांगायचं तर आधी जगूकाका सांगायला हवेत.

काका माझे शेजारी. दोघांच्या घरांमध्ये एक दगडी गडगा आणि गडग्यावर एक फणस. फणसाची मुळं माझ्याकडे, फांद्या त्यांच्याकडे, आणि भांडण दोन्हीकडे. सगळं आयुष्य त्यांनी बोटीच्या इंजिनरूममध्ये तेल घालण्यात काढलं. त्या इंजिनाने त्यांचा डावा कान खाल्ला, त्यामुळे काका बोलत नसत, ओरडत. ते बायकोच्या कानात काही गुपित सांगू लागले की आमच्या फळीवरची भांडी वाजत आणि माझी आई इकडून उत्तर देई.

बोट सोडून घरी आल्यावर लोक वाडी करतात, म्हैस घेतात. काकांनी फंडाच्या पैशांतून दोन भोंगे, एक मशीन, दोन बॅटऱ्या आणि तबकड्या वाजवायची पेटी घेतली. लग्न असो, पूजा असो, बारसं असो, काका बोटीवरचा निळा बॉयलर सूट चढवून, गळ्यात तुळशीची माळ घालून आंब्यावर भोंगा बांधायला हजर. इतर माईकवाले "हॅलो, हॅलो" करून माईक तपासतात. काका बंदरांची नावं घेत. "एडन... सुवेझ... मार्सेलिस... हॅम्बुर्ग..." हॅम्बुर्गला भोंगा फाटला नाही तर सेट बरोबर. एका बारशाला दोन म्हाताऱ्यांनी ही नावं ऐकून हात जोडले होते, आणि काकांनी त्यांची समजूत मोडली नाही.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "पयला ऐका. मगे गाळी घाला." हे ते सगळ्यांना सांगत, गिऱ्हाइकाला, सरपंचाला, आणि रात्री उशिरा आला म्हणून जाब विचारणाऱ्या काकींनाही.

आणि हे वाक्य ज्यांच्यामुळे सगळ्यात जास्त वेळा म्हणावं लागे, ते म्हणजे काळे कोटवाले.

झालं असं की बोट एकदा विलायतेच्या उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरात लागली होती. थंडी म्हणजे काकांच्या हिशेबाने अशी की शिंकलं तर शिंक खाली पडून फुटायची. ऊब शोधत काका एका गुत्त्याच्या तळघरात शिरले. तिथे काळे कोट घातलेली चार काटकुळी पोरं वाजवत होती. एक जण जाड तारांची गिटार घुमवत होता, दुसरा बारीक तारांच्या गिटारीवर खोबरं खवावं तसा खरवडत होता, एक जण पाठीमागे ढोल बडवत होता, आणि चौथा, गाणारा, जेवायला वाढलं नाही म्हणून रुसलेल्या जावयासारखा भिंतीकडे बघून तक्रार करत होता. ऐकणारे निम्मे उठून गेले, उरलेले निम्मे झोपले. काका मात्र उजवा कान पुढे करून शेवटपर्यंत उभे राहिले. त्या घुमणाऱ्या गिटारीत त्यांना त्यांचं इंजिन ऐकू आलं होतं.

"हे खरे डबलबारीवाले आसत," ते आम्हाला सांगत. डबलबारी म्हणजे आमच्याकडचा भजनाचा सामना. दोन बुवा आपापलं मंडळ घेऊन समोरासमोर बसतात आणि एकमेकांना गाण्यातून सवाल-जवाब करतात. "फक्त तेंच्यासमोर दुसरो बुवा नाय, म्हणान ते भिंतीवांगडा भांडतत."

बारी संपल्यावर काकांनी त्या गाणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "बुवा, सगळा बरा झाला, पण गजर खंय?" त्याला काय कळलं देव जाणे, त्याने खोक्यातून स्वतःची एक तबकडी काढून काकांच्या हातात दिली. काकांनी खिशातली मूठभर कोकमं त्याच्या हातात दिली. त्या मंडळाची दुसरी तबकडी पहिलीपेक्षा आंबट निघाली, तिचं कारण ही कोकमं, असं काका शपथेवर सांगत.

मंडळ पुढे मोठं झालं. तळघरातून नाट्यगृहात गेलं, पेपरात फोटो येऊ लागले. कोट मात्र तेच. काकांचा भाचा अनंता बोटीवर होता, तो प्रत्येक नवी तबकडी आणून देई. मंडळाचं खरं नाव असं होतं की ते उच्चारताना काकांची कवळी बाहेर यायची. त्यामुळे आमच्याकडे ते 'काळे कोटवाले प्रासादिक मंडळ' म्हणूनच रुजलं.

बांद्याला एका लग्नात काकांनी ऐन पंगतीत काळे कोटवाले लावले. मला वाटतं आयत्या वेळी सनईची तबकडी सापडली नाही. काका म्हणत की मुद्दाम लावले, कारण वऱ्हाडाला झोप येत होती. पहिल्याच गाण्याला वरबाप ताटावरून उठला आणि भोंग्यात विंचू शिरलाय म्हणून काठी घेऊन आंब्याकडे धावला. दुसऱ्या गाण्याला पंगत अशा वेगाने जेवू लागली की वाढप्यांना पळता भुई थोडी झाली. तिसरं गाणं संपायच्या आत तीन पंगती उठल्या. शेवटी आचारी घाम पुसत काकांजवळ आला. काकांना वाटलं, आता मार. आचारी म्हणाला, "तुमी पुढच्या लग्नाक खंय आसास? माका सांगा, मी थंयचाच काम घेतंय."

"बगलास?" काका मला म्हणाले. "एकाक तरी आवाडला."

दुसऱ्या कुणाला आवडलं असेल तर ते गोपाळबुवांना, पण बुवांनी ते कधी कबूल केलं नाही.

गोपाळबुवा म्हणजे आमच्या मंडळाचे बुवा. मी त्या मंडळात झांज वाजवायचो, त्यामुळे हे मी जवळून पाहिलंय. बुवा पेटीवर बसले आणि वरचा सूर लावला की देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडत नसत, बसत. आणि त्यांच्या उजव्या अंगाला पखवाजावर सखाराम. बुवांना श्वास घ्यायचाय हे बुवांच्या आधी सख्याला कळे. दोघे रस्त्याने चालले तरी त्यांच्या वहाणा तालात वाजत. एका पावसाळ्यात कावीळ झाली आणि सख्या गेला. तेव्हापासून बुवांनी पखवाज गवसणीत घालून खुंटीला टांगला आणि तोंड मिटलं.

"माझो ठेको वर गेलो," ते म्हणाले, "आता गळो हंय ऱ्हवान काय करतलो?"

सख्याचा धाकटा भाऊ नारायण गावात शिवणकाम करतो. मोठ्या भावाचा हात त्याने लहानपणापासून पाहिलेला. शिवणयंत्र चालवताना त्याचा पाय सख्याचाच ठेका धरायचा. गावातल्या सगळ्या लेंग्यांना त्या काळात भजनाची शिवण होती. धीर करून एकदा तो बुवांकडे गेला आणि म्हणाला, "मी बसू काय?" बुवा म्हणाले, "लेंगे शिव." नारायण घरी आला आणि त्याने एका झग्याला तीन बाह्या लावल्या.

आणि योगायोग बघा, त्याच पावसाळ्यात अनंताने सुट्टीवर येऊन काकांना सांगितलं की काळ्या कोटवाल्यांचा ढोलवाला गाडीच्या अपघातात गेला. उरलेल्या तिघांनी वाजवणं बंद केलं.

काकांनी दोन दिवस माईकला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी ते बुवांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि त्या दिवसापासून तो नेमच झाला. संध्याकाळ झाली की बुवांचा ओटा.

"अजून गप आसत," काका बातमी देत.

"शाणे आसत," बुवा म्हणत.

मग दोघे चहा पीत. वर्षानुवर्षं एवढंच संभाषण. गावातले लोक म्हणत की विलायतेच्या राणीकडेही इतक्या नेमाने बातमी पोचत नसेल.

मग अनंताने एका सुट्टीत नवीन खबर आणली. तिघं परत एकत्र बसलेत. नव्या ढोलवाल्यावरून आपसात भांडतायत. तबकडी निघेल, न निघेल, सांगता येत नाही. काका तसेच उठले आणि देवळात गेले. वर्षाचं गाऱ्हाणं घालायचा दिवस होता. गुरव पाऊसपाणी, भातशेती, चाकरमान्यांची खुशाली असं सगळं मागून थांबले, तोच काकांनी त्यांच्या कानात काही सांगितलं. म्हणजे सगळ्या देवळाला सांगितलं. गुरव बिचारे गोंधळले, पण आमच्याकडे गाऱ्हाणं कुणाचंही अडवत नाहीत.

"बा देवा म्हाराजा!" गुरवांनी सुरू केलं.

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"सात समुद्रापलीकडे जी काय काळ्या कोटाची पोरां आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंचो पखवाजी अर्ध्या बारीतसून उठान गेलो हा, तेंका नवो पखवाजी गावांदे, तेंची भांडणां मिटांदे, आणि तेंची नवी रेकाड भायर पडांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि कोण आडवो इलो तर तेका..."

"आडवो कोण येवचो नाय," काका मध्येच म्हणाले, "फक्त तो खरवडणारो वायच तापट आसा."

"तर त्या खरवडणाऱ्याक बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अख्खं देऊळ गरजलं. खांबाला टेकून उभ्या असलेल्या गोपाळबुवांनी तेवढं तोंड उघडलं नाही.

देवाने किती दिवस घेतले ते मी मोजले नाहीत. पण मार्गशीर्षात गावपळणीचा कौल झाला आणि गाव निघायच्या आदल्या दिवशी अनंताच्या बोटीवरचा एक माणूस सायकलवरून काकांच्या दारात उतरला. पाठीला बांधलेला चौकोनी पुठ्ठा. नवी तबकडी!

काकांनी दार आतून लावलं. दिवसभर गडग्यापलीकडून ते घुमणं येत राहिलं. सुमनकाकी ओट्यावर बसून खोपीसाठी झावळ्या विणत होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "आत जाव नको. इंजिन चालू आसा." संध्याकाळी काका बाहेर आले ते डोळे लाल करून. गडग्यापाशी येऊन मला एवढंच म्हणाले, "जमला रे." आणि आयुष्यात पहिल्यांदा ते हळू बोलल्यामुळे मला वाटलं त्यांना ताप आलाय.

त्याच संध्याकाळी गोपाळबुवांनी आपला निर्णय सांगितला. पखवाज देवळाला द्यायचा, घराची किल्ली चुलतभावाकडे ठेवायची आणि माळावरूनच परस्पर मुंबईला मुलाकडे जायचं. गावात परत यायचं नाही. "गावच्या वांगडा भायर पडतंय," ते म्हणाले, "भितर येताना तेवडो मी नसतलंय."

काका ओट्यावर जाऊन बसले. "जावचा तर जा. पण माळार एकदा ऐक ह्या."

"कित्याक?"

"पयला ऐक. मगे गाळी घाल."

बुवांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "एकदा ऐकतंय," ते म्हणाले. "मगे माका हाक मारू नको."

काकांनी तबकडी उन्हाने वाकू नये आणि बकरीने खाऊ नये म्हणून भाताच्या कणगीत ठेवली, अगदी निघताना काढायची म्हणून. मग भोंगे बांधले, मशीन बांधलं, बॅटऱ्या बांधल्या, वाजवायची पेटी गोधडीत गुंडाळली, कोंबड्या डालग्यात घातल्या, म्हशीला पुढे घातलं आणि दिमाखात वेस ओलांडली. दुसऱ्या दिवशी भोंग्यावरून सगळ्या माळाला जाहीर केलं, की आज दिवेलागणीला काळे कोटवाले प्रासादिक मंडळाची नवी रेकाड, खास गोपाळबुवांसाठी, सगळ्यांनी यावं. एडन, सुवेझ, मार्सेलिस, हॅम्बुर्ग झालं. आणि मग त्यांनी गोधडी सोडली.

म्हणून ती बोंब.

बुवांची एसटी सकाळची. ट्रंक बांधून तयार. कौल त्याच्या पुढच्या दिवशी. वेशीच्या आत हाकेच्या अंतरावर काकांचं घर दिसत होतं. एक जण म्हणाला, "काका, पळत जावन येवा, कोण बगता?" दुसऱ्याने तर पाठ फिरवून उभं राहायची तयारी दाखवली. अख्खा माळ पाठ फिरवायला तयार झाला असता. आमच्या लोकांचं मन मोठं. काकांनी एक पाय उचलला. तो पाय दगडावर तसाच अधांतरी राहिला. इतका वेळ, की एक कावळा येऊन बघून गेला.

"नाय," पाय मागे घेत ते म्हणाले. "ती रेकाड देवाकडे मागान घेतलली. आणि आणूक देवाचीच वेस मोडू?"

"मगे बुवांका काय ऐकयतलास?" मी विचारलं.

काकांनी बॉयलर सूटची बटणं लावली. "मीच ऐकयतंय. दिसभर ऐकलंय मां? सगळा पाठ आसा."

दिवेलागणीला सगळा माळ गोळा झाला. गुरंही आली असावीत, कारण मागून रवंथ ऐकू येत होतं. मधोमध काका, पुढ्यात माईक, मांडीत सुमनकाकींचा तांब्याचा हंडा उपडा. समोर घोंगडीवर गोपाळबुवा, पाहुण्यासारखे ताठ. त्यांच्यामागे कोपऱ्यात नारायण, हातात सुई-दोरा, कुणाचं तरी फाटकं पांघरूण शिवत.

"गाणा पयला," काका म्हणाले. "बंदरातलो कारखानो बंद पडलो. कामगार गेटार उभे आसत. कोण काय बोलना नाय."

आणि त्यांनी तोंडाने ती जाड गिटार सुरू केली. धुम्म, धुम्म-धुम्म. मग मध्येच दातांवर जीभ घासून खरवडणारा. मग त्या मंडळाचे बुवा झाले आणि रागाने म्हणू लागले, शब्द मालवणीत, चाल विलायती, सूर दोन्हीकडचे नाहीत. पोरं हसून लोळू लागली. सुमनकाकींनी पदर तोंडावर घेतला. गोपाळबुवांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

गाण्यामागून गाणं गेलं. काका घामाघूम. मग ते थांबले.

"आता शेवटचा गाणा. ह्या त्या मेलल्या पखवाज्यासाठी आसा. ह्याच्यात अर्ध्यापर्यंत ढोल नाय. तेंचो बुवा गाता आणि ढोलाची जागा मोकळी सोडता. तुमका वाटता आता वाजात, आता वाजात, वाजना नाय. तेची जागा तेचीच ठेवल्यानी हा."

हसणं बंद झालं. काकांनी हंड्यावर हात ठेवले, पण वाजवला नाही. नुसते गात राहिले आणि ठेक्याच्या जागी मान हलवत राहिले. रिकामी जागा आली की मान. पुन्हा रिकामी जागा, पुन्हा मान. तो रुक्ष, फाटका, इंजिनाने झिजलेला आवाज. मी गोपाळबुवांकडे बघितलं. त्यांचा उजवा खांदा किंचित बाहेर झुकला होता, सख्या बसायचा त्या बाजूला.

"आणि आता," काका गाणं न थांबवता म्हणाले, "नवो पखवाजी हळूच येता. दुखवट्याच्या घरात माणूस वहाणा हातात घेवन येता, तसो..."

आणि त्यांनी हंड्यावर थाप मारली. धडाम! भलत्याच ठिकाणी. अशी, की डालग्यातला कोंबडा आरवला.

"चुकला. परत," काका म्हणाले. पुन्हा गायले, पुन्हा मान, आणि पुन्हा धडाम, यावेळी आणखी अलीकडे. तिसऱ्यांदा तर थाप इतकी उशिरा पडली की ती पुढच्या गाण्याची असावी.

"थांब रे मेल्या!" गोपाळबुवा उठून उभे राहिले. "दुखवट्याच्या घरात अशी लाथ मारून शिरतत? सम खंय आसा तुझी? सम?"

"थंयच खंय तरी आसा..."

"दी हंय ता!"

बुवांनी हंडा ओढून घेतला, मांडी घातली. "तू गा. नुसता गा, हात लावू नको कशाक." काका गायले. रिकाम्या जागा आल्या, बुवांनी त्या तशाच जाऊ दिल्या. आणि मग बोटांच्या टोकांनी, इतकं हळू की मागची म्हैसही रवंथ थांबवून ऐकू लागली, त्यांनी ठेका धरला. खरोखर वहाणा हातात घेऊन कुणी आत यावं तसा.

काकांचा आवाज पुढे जाईना. ओळ विसरले की दम संपला, मला माहीत नाही. गाणं उघडं पडलं. ठेका चालू आणि वर काहीच नाही. बुवांनी दोन आवर्तनं वाट बघितली, आणि मग त्या मोकळ्या जागेत स्वतःचा सूर ठेवला. शब्द नव्हते, नुसता आकार. मग आकारातून गजर आला, आमचा, जुना, मंडळाचा. मी झांज घरी ठेवून आलो होतो. मी आमटीचे दोन डाव घेऊन वाजवू लागलो.

वरच्या सुराला बुवांचे हात अडखळले. गाणं आणि हंडा एकदम जमेना. त्यांनी मान न वळवता हंडा मागे ढकलला.

"नारायणा, धर. माका दोन्ही जमाचा नाय."

नारायणाने सुई तशीच पांघरुणात खुपसली, आणि ती कुठे खुपसली, हे नंतर त्या पांघरुणाच्या मालकाला चांगलंच कळलं. पण हात पडला तो बरोबर समेवर पडला. बुवांनी एकदा वळून बघितलं, नाराजीने, आणि पुढे गात राहिले.

सकाळी एसटी आली. कंडक्टरने ट्रंक टपावर चढवायला घेतली, तर मालक जागेवर नाही. बुवा खोपीमागे नारायणाला बसवून "अरे, डावो हात भिकाऱ्यासारखो कित्याक पसरतंस?" म्हणून झापत होते. कंडक्टरने तीनदा बेल मारली. बुवांनी तिकडून हात हलवला, जा म्हणून. एसटी गेली. ट्रंकेवर दिवसभर सुमनकाकींनी पापड वाळवले.

कौल झाला, गाव घरात आला. बुवांनीही आपल्या दाराची किल्ली चुलतभावाकडून परत घेतली. त्या संध्याकाळी काकांनी कणगीतून तबकडी काढली आणि बुवांना खरं मंडळ ऐकवलं. बुवांनी सगळं ऐकलं. शेवटच्या गाण्याला डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "पोरगो बरो वाजयता. बुवाचो गळो बसलो हा, तेका आल्याचो रस घेवक सांग." काकांनी तो निरोप अनंतामार्फत खरोखर पाठवला. पोचला की नाही माहीत नाही.

गावात मात्र गोष्ट फुगत गेली, आणि मीच ती फुगवली हे नाकारत नाही. वर्षभरात सगळ्यांची पक्की खात्री झाली की जगूकाका म्हणजे महा बेरकी माणूस. त्यांनी तबकडी मुद्दाम कणगीत ठेवली. थापा मुद्दाम चुकवल्या. बुवांना खोटा ताल सहन होत नाही हे त्यांना माहीत होतं. दूरदूरच्या गावांत लोक त्यांना वाकून नमस्कार करू लागले. एका वकिलाने म्हणे आपली अडलेली केस त्यांना सांगितली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते धामापूरला. माझी बदली झाली होती, दुसऱ्या दिवशी सामान घेऊन निघायचं होतं. तळ्याकाठी देवीच्या देवळात बुवांची डबलबारी होती, पखवाजावर नारायण. दुपारची वेळ, मंडप अजून रिकामा. बॉयलर सूटमधले काका उंच फांदीवर बसून भोंगा बांधत होते आणि खाली तळ्याच्या पाण्यात त्यांचा निळा ठिपका हलत होता. मी झाडाखाली उभा राहिलो. म्हटलं, आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही.

"काका!" मी त्यांच्या उजव्या कानाच्या बाजूला जाऊन ओरडलो. "खरा सांगा! त्या दिवशी माळार तुमी ताल मुद्दाम चुकयल्यात मां?"

काकांनी तोंडातली सुतळी काढली. भोंगा थोडा वळवला, एका डोळ्याने नेम धरून बघितला, आणि म्हणाले,

"नाय रे. माका ताल येनाच नाय."